मचूळ विहीर आणि विकत आणलेले टोमॅटो

पत्र (थोडं काटछाट करून):

‘सासऱ्यांनी मागे ठेवलेली पाच गुंठे जागा आहे, समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर. नोकरीतून मोकळी झाले तेव्हा ठरवलं, इथे शेती करायची. त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी सगळ्या जागेत एकदमच घेवडा, गाजर आणि स्ट्रॉबेरी लावली. उगवलं निम्मं, त्यातलं निम्मं पिवळं पडलं, आणि उरलेलं एका रात्रीच्या वादळी वाऱ्याने करपलं. पाऊस सरून काही महिने झाले की विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून गेल्या वर्षी ती चार मीटर आणखी खोल केली, मोठा पंप बसवला. तर आता पूर्वीपेक्षा जास्त मचूळ लागतं. पानं पिवळी म्हणून राख टाकली, चुना टाकला, काही फरक नाही. नवरा म्हणतो, “एवढ्याशा जागेत शेती होत नसते, दोन खोल्या बांधू आणि भाड्याने देऊ.” भाऊ जेवायला आला की विचारतो, “काय शेतकरीणबाई, पीकपाणी काय म्हणतंय?” मागच्या खेपेला तो आला तेव्हा मी बाजारातून टोमॅटो आणून शेतातले म्हणून वाढले. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. थांबवू का हे सगळं? आणि याला शेती तरी म्हणायचं का?’

— किनाऱ्यावरची एक

ताई,

टोमॅटोंचं शेवटी बोलू. आधी घेवड्याचं.

तुमचं वाईट चिंतणाऱ्या माणसाला पिकांची यादी करायला बसवलं असतं, तर त्याने हीच तीन नावं दिली असती. घेवडा, गाजर, स्ट्रॉबेरी. खारेपणापुढे सगळ्यात आधी मान टाकणाऱ्या पिकांत या तिघांचा नंबर वरचा आहे. मास आणि हॉफमन या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली कुठलं पीक किती खार सोसतं याची कोष्टकं मांडली, आणि शेतीखाती आजही त्यांचाच आधार घेतात. त्या हिशेबाने ओलिताच्या पाण्याची क्षारता ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षार मोजायचं हे एकक) वर गेली की या तिन्ही पिकांचं उत्पन्न घटायला लागतं. ०.७ म्हणजे लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी क्षार. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास असतात. अर्ध्या ग्रॅमचं पाणी तुम्ही-आम्ही गोडं म्हणून पिऊ, आणि घेवडा मात्र तेवढ्यानेच कुरकुरू लागतो. मग जिभेला मचूळ लागणाऱ्या पाण्यावर त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्याच कोष्टकात टोमॅटो १.७ पर्यंत तग धरतो आणि बीट २.७ पर्यंत. झुकिनी तर तीनच्याही वर जाते. म्हणजे तुमच्या त्याच विहिरीवर, त्याच वाळूत, दुसरं काही लावलं असतं तर कदाचित तुम्ही मला हे पत्रच लिहिलं नसतं. हाताला गुण नाही वगैरे जे तुमच्या मनात चाललंय (पत्राच्या गाळलेल्या भागात ते दोनदा आलंय), ते तेवढं काढून टाका. पाण्याची क्षारता मोजायचं हातात मावणारं छोटं यंत्र मिळतं. ते घ्या, दर पंधरवड्याला विहिरीचं पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहा. दुसरं काही घेण्याआधी हे.

आता विहीर. इथे मला जरा कठोर बोलावं लागेल, कारण हे नुकसान वाऱ्यापेक्षा मोठं आहे आणि ते हाताने केलेलं आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड, एवढंच त्यातलं गुपित. खाईबेन आणि हर्झबर्ग या दोघा अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, एकमेकांना न विचारता, त्याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी असतं. ऐकायला चैन वाटते. पण हेच गणित उलटं लावा. तुम्ही पंपाने पातळी अर्धा मीटर खाली नेलीत आणि ती तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू वीस मीटर वर सरकू पाहतं. मोठा पंप जोरात ओढतो तेव्हा तर विहिरीच्या थेट खाली खाऱ्या पाण्याचा उंचवटाच उठतो. त्यात आणखी खोल केलेली विहीर म्हणजे आपणच त्याला सामोरं जाणं.

म्हणून तळाचे ते चार मीटर वाळू-खडीने परत भरून घ्या. खर्च केलेलं पुन्हा बुजवायचं, जिवावर येईल, तरी भरा. मोठा पंप विका. लहान पंप घ्या आणि त्याचं ओढण्याचं तोंड तरंगत्या डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभरच ठेवा, म्हणजे वरवरचं पाणी येईल. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मधे विहिरीला विसावा. शिवाय छपरावरचं पावसाचं पाणी धरा. अवजारांसाठी वीस चौरस मीटरचं छप्पर असेल, तर शंभर मिलिमीटर पावसात त्यावर दोन हजार लिटर पाणी पडतं. ते पाणी रोपांसाठी जपा. कारण बीटसारखं टणक पीकसुद्धा उगवताना नाजूकच असतं. कोंब फुटताना खार लागला तर पुढचा सगळा चिवटपणा वाया. रोपं कुंड्यांत, पावसाच्या पाण्यावर वाढवा आणि जरा धट्टीकट्टी झाली की वाफ्यात आणा.

पिवळ्या पानांबद्दल तुम्ही लिहिलंय की शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं. माझा अंदाज असा, की तुमच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असणार. मूठभर वाळूवर चमचाभर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं, तर जमिनीत चुना आधीच भरपूर आहे. अशा जमिनीत लोह, मँगनीज असूनही मुळांना मिळत नाही, आणि पानं अशीच पिवळी पडतात. त्यावर राख आणि चुना टाकणं म्हणजे तहानलेल्याला मीठ चाटवणं. हे दोन्ही आजपासून बंद. जिप्सम टाका असं कुणी सांगेल. ते चिकण खारवट जमिनीचं औषध आहे, मोकळ्या वाळूत त्याचं काम नाही. तुमच्या वाळूचा एक मोठा गुण मात्र ध्यानात घ्या: ती मीठही धरून ठेवत नाही. एक चांगला पाऊस झाला की खार झरझर खाली जातो. चिकण मातीवाल्याला हे सुख नाही.

यावरून वर्षाची आखणी आपोआप सुचते. पाऊस सरल्यावरचे पहिले दोन-अडीच महिने जमीन धुतलेली असते, विहीर गोडी असते. घेवड्याची हौस फिटवायची तर तेव्हा, एका वाफ्यापुरती. कोरडे महिने जसे पुढे सरकतात तसं बीट, झुकिनी, टोमॅटो. अगदी शेवटी काहीच नको, जमीन झाकून ठेवायची. केरळात पोक्काळी भाताची शेती याच चालीवर उभी आहे. पावसाने खार धुतला की भात घेतात, आणि खारं पाणी परत आलं की त्याच खाचरात कोळंबी वाढवतात. पाणी खारं झालं म्हणून तिथे कुणी रडत बसत नाही, त्या महिन्यांचं पीक ठरलेलं असतं.

वाऱ्याबद्दल सांगताना मला माझी फजिती सांगावी लागेल. मीही एकदा वाऱ्याला वैतागून पत्र्याची सलग भिंत उभी केली होती, पुरुषभर उंच. मोठ्या समाधानाने तिच्याआड रोपं लावली. पहिल्याच वादळात वारा भिंतीवरून उडी मारून पलीकडे असा काही आपटला, की भिंतीला खेटून असलेल्या दोन ओळी सोडल्या तर सगळं झोपलं. वाऱ्याला अडवायचं नसतं, गाळायचं असतं. निम्मी उघडी, निम्मी बंद अशी जाळी किंवा कुंपण हवं. असा आडोसा आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. दीड मीटरची जाळी लावलीत तर पंधरा मीटरपर्यंत तिचा थोडाफार उपयोग, आणि पहिल्या सात-आठ मीटरांत चांगलाच. तुमच्या जागेला तेवढं पुष्कळ झालं. झाडांची दाट रांग लगेच लावू नका. पाच गुंठ्यांत मोठ्या झाडांची मुळं वाफ्यांत घुसतात आणि पाणीही तीच पितात. आधी जाळी, तिच्या आडोशाला खार सोसणारी बुटकी झुडपं. ती अंगाने भरली की जाळी काढा. आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, पानं गोड्या पाण्याने धुऊन काढा. त्या रात्री तुमची पानं करपली ती नुसत्या वाऱ्याने नव्हे, वाऱ्याबरोबर आलेल्या खाऱ्या तुषारांनी.

इथवर सगळं दुरुस्तीचं झालं. मला खरं बोलायचंय ते तुमच्या ‘सगळ्या जागेत एकदमच’ या तीन शब्दांवर.

वाळूची माती करायची असेल तर तिच्यात कुजलेलं काहीतरी घालत राहावं लागतं. समजा तुम्ही सुरुवातीला पाच सेंटिमीटरचा थर द्यायचं ठरवलंत. पाच गुंठे म्हणजे पाचशे चौरस मीटर. त्याला पंचवीस घनमीटर खत लागेल, दहा लिटरच्या बादलीने अडीच हजार बादल्या. कुणीही खचेल. आता फक्त पन्नास चौरस मीटर घ्या, पाच बाय दहा. अडीचशे बादल्या. रोज पाच टाकल्यात तर पन्नास दिवसांत काम संपलं, कंबरही शाबूत. जागा लहान आहे म्हणूनच हे शक्य आहे. पन्नास एकरवाला आपली जमीन हाताने घडवू शकत नाही, त्याला आहे ती जमीन पत्करावी लागते. तुम्हाला तसं नाही.

आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटं आहेत, बरीचशी उघडी चुनखडीची फरशी. तिथल्या माणसांनी किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्री शेवाळ पाठीवरून वाहून आणून खडकावर थरावर थर दिले आणि त्यातून वावरं केली. भोवती दगडांच्या भिंती, चुना-माती न लावता रचलेल्या, फटींतून वारा गाळणाऱ्या. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर पोवुआ द वार्झिमजवळ लोकांनी वाळूच्या टेकड्यांत चौकोनी खड्डेच खणले. तळ ओलाव्याच्या जवळ गेला, वारा डोक्यावरून गेला, उतारांवर द्राक्षवेली आणि तळात भाजी, खताला शेवाळ. स्पेनच्या लांझारोटे बेटावर १७३० ते १७३६ या काळात ज्वालामुखीने शेतं राखेखाली गाडली. तिथे आजही राखेत एकेक खड्डा आणि त्यात एकेक द्राक्षवेल असते, वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी कड. एका वेलीला एक भिंत! एवढे लाड मोठ्या शेतात परवडतील का?

शेवाळ तुमच्या दारातच आहे. भरतीच्या रेषेवर वाहून आलेलंच उचला, खडकाला धरून वाढणारं खरवडू नका, आणि वाहून आलेलंही सगळं उचलू नका. किनाऱ्याची वाळू ते धरून ठेवतं, पाखरांचं खाणंही त्यातच असतं. ढीग करून पावसाच्या दोन-तीन सरींत धुऊ द्या. त्यात पालाश भरपूर असतं, स्फुरद कमी, म्हणून नुसत्या शेवाळावर विसंबू नका, शेणखत किंवा घरचं कंपोस्ट जोडीला हवंच. वर बोटभर आच्छादन कायम. वाळूला एकदम पोटभर जेवू घालून उपयोग नाही, सगळं खाली निघून जातं. थोडं थोडं, सारखं सारखं.

उरलेले साडेचार गुंठे तसेच राहू द्या. दर वर्षी एक तुकडा जोडा किंवा जोडू नका. सखल कोपऱ्यात चाळीस वर्षं जगणारं फळझाड मात्र लावू नका. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी वीस सेंटिमीटर चढलीय आणि चढण्याचा वेग वाढतोय. तो कोपरा हंगामी पिकांसाठीच ठेवा.

आता यजमानांचं म्हणणं. ते मूर्खपणाचं नाही, आणि तसं समजून त्यांच्याशी भांडू नका. पाच गुंठ्यांतून पगाराएवढं उत्पन्न निघेल असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर तुम्ही विश्वास ठेवलात, तसा त्यांनी ठेवला नाही, इतकंच. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये भारतातल्या शेतीबद्दल लिहिताना एक गोष्ट दाखवली होती: लहान शेतं एकरी उत्पन्नात मोठ्यांना मागे टाकतात. पण त्याचं कारण त्यांनी सांगितलं तेही वाचायला हवं. घरची माणसं राबतात आणि त्या राबण्याची मजुरी कुणी लावत नाही. लावली, तर नफा दिसेनासा होतो. तुमच्या बाबतीतही तेच होणार. भाजी निघेल, चांगली निघेल, तुमच्या तासांचा मोबदला बहुधा निघणार नाही. तुम्हाला ते चालणार आहे का? हे तुम्ही ठरवा आणि यजमानांना तसं स्पष्ट सांगा. ‘यातून कमाई होईल’ म्हणून त्यांच्याशी वाद घालत राहिलात तर दर हंगामाला हराल.

खोल्यांचा हिशेबही त्यांनी पुरा केलेला दिसत नाही. किनाऱ्यालगत बांधकामाला बहुतेक देशांत बंधनं असतात. ती परवानगी मिळते का, ते आधी विचारून यायला सांगा. विहिरीच्या आणि कुंपणाच्या नियमांची चौकशी तुम्हीही त्याच फेरीत करून घ्या. आणि परवानगी मिळालीच, तर भाडेकरूंचं पाणी त्याच विहिरीतून येणार आणि त्यांचा शौचखड्डा त्याच वाळूत मुरणार, हे त्यांच्या कानावर घाला. त्या विहिरीवर शेतीचा भार पडतोय तेवढाच तिला जड आहे.

मी असं सुचवेन: पन्नास चौरस मीटर, दोन वर्षं, एक वही. वहीत पाण्याचा आकडा, किती किलो निघालं, किती तास गेले, तिन्ही लिहायचं. दोन वर्षांनी दोघांनी मिळून वही उघडायची. तोवर खोल्यांचा विषय त्यांनी काढायचा नाही आणि उरलेल्या साडेचार गुंठ्यांत तुम्ही काही पेरायचं नाही. दुसरी अट तुम्हालाच जास्त जड जाणार, मला माहीत आहे.

याला शेती म्हणायचं का, हे विचारलंत. इंग्लंडमध्ये भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा नेहमीचा तुकडा अडीचशे चौरस मीटरचा असतो. रशियात शहरी कुटुंबांना वाटलेल्या तुकड्याचं ठरलेलं माप सहाशे, आणि त्यावर पिढ्यांनी बटाटे पिकवून पोटं भरली. जगातल्या साठ कोटींहून जास्त शेतांपैकी ८४ टक्के शेतं दोन हेक्टरच्या आतली आहेत, आणि शेतजमिनीच्या फक्त १२ टक्क्यांवर ती जगाचं सुमारे ३५ टक्के अन्न पिकवतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला. तुम्ही त्या रांगेत अगदी शेवटी उभ्या आहात, पण रांग तीच आहे. भावाला हे आकडे ऐकवू नका मात्र. चिडवणाऱ्याला आकडेवारी दिली की तो आणखी चिडवतो.

राहिले टोमॅटो. खोटं बोललात याचं मला फार वाटलं नाही. जेवायला बसलेल्या भावासमोर माणूस आणखी काय काय बोलतं! मला खटकलं ते हे, की दोन वर्षं तुम्ही भावाला दाखवायला पेरत होतात. घेवडा, स्ट्रॉबेरी, ताटात शोभणारं सगळं. वाळूला काय सोसेल हे विचारायला तुम्हाला सवडच झाली नाही. त्याला खरं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. सांगितलंत तर तो हसेल आणि दोन-तीन वर्षं पुरवून हसेल, हे धरून चला. माझा अंदाज, सांगाल. नाहीतर तुम्ही ते मला लिहिलं नसतंत.

या हंगामात विहिरीचा तळ भरून घ्या, जाळी उभी करा, व्हिनेगर टाकून बघा आणि बादल्या मोजायला लागा. बीटची रोपं कुंड्यांत करा, वीस-पंचवीस पुरेत. भाऊ पुढे कधी आला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, तर ताटावरून उठवून त्याला वाफ्याशी न्या आणि म्हणावं, उपट. धुऊन मात्र देऊ नका.